पाटीवर दहा

मुगेर्वाने माझा केसाने गळा कापला, आणि आमच्या न्येंडो गावातल्या लोकांना वाटतं की आमचं बिनसलं ते माझ्या चुलीच्या धुरावरून. वाटू दे. धूर त्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये जात होता हे खरंच आहे. पण तोच धूर खात खात त्याने इतकी वर्षं माझा तळलेला कसावाही खाल्ला होता, तेव्हा कधी त्याला ठसका लागला नाही.

हॉल कसला, फळ्या ठोकून उभ्या केलेल्या भिंती, वर पत्रा, आत बाकं आणि समोर मोठा टीव्ही. किबांडा म्हणतो आम्ही त्याला. सिनेमे इंग्रजी, नाहीतर चिनी. ते आम्हाला काय कळणार? म्हणून टीव्हीशेजारी मुगेर्वा माईक धरून बसतो आणि पडद्यावर जो तोंड उघडेल त्याचं बोलणं आमच्या लुगांडा भाषेत सांगतो. सांगतो म्हणजे पदरचं घालून सांगतो. अमेरिकेतला पोलीस चोराला पकडतो आणि मुगेर्वा त्याच्या तोंडी घालतो, ‘काय रे, मसाकाच्या बाजारात माझ्या मेव्हणीची कोंबडी पळवलीस ती तूच ना?’ लोक बाकांवरून खाली पडतात. असल्या माणसाला व्हीजे म्हणतात. व्हीजे चांगला असला की सिनेमा कोणता, ते कोणी विचारत नाही, आवाज कोणाचा आहे एवढंच विचारतात.

मी दाराशी बसते. कढईत कसावाच्या कंदाचे तुकडे, टोपलीत केळ्याचे गोड वडे. बसल्या जागेवरून पडदा नीट दिसतो, त्यामुळे न्येंडोत आलेला प्रत्येक सिनेमा मी पाहिला आहे, आणि तोही फुकट. बाहेर पडणारे जाताजाता मला विचारायचे, “नालोंगो, किती?” मी दहापैकी मार्क सांगायचे, पाच, नाहीतर सहा. सुरुवातीला ती गंमतच होती. पुढे असं व्हायला लागलं की आत जाणारेच आधी विचारायचे, आणि मी चार म्हटलं की माघारी फिरायचे. मग मुगेर्वानेच दाराला एक काळी पाटी टांगली आणि खडू माझ्या हातात दिला. पहिला खेळ झाला की मी आकडा लिहायचा. त्याचं नुकसान होवो नाहीतर भलं होवो, त्या पाटीला त्याने कधी हात लावला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. टॅक्सी स्टँडच्या पलीकडची माणसंही तो आकडा वाचायला येत. माझे आठ म्हणजे अर्धं न्येंडो कामधंदा सोडून हॉलमध्ये. दहा मी कधीच दिले नव्हते. मोबाईल दुरुस्त करणारा सेम्पिज्जा मला चिडवायचा, “दहा कशाला राखून ठेवलेत, नालोंगो? मुलाच्या लग्नात आहेर करायला?”

“ज्या सिनेमापायी माझी कढई करपेल आणि मला कळणारही नाही, त्याला देईन,” मी म्हणायचे.

हल्ली आमच्याकडे सगळे उडणाऱ्यांचेच सिनेमे येतात. पोरं वेडी झाली आहेत. कोणाच्या हातातून आग निघते, कोणी डोळ्यांनी पोलाद वितळवतो, आणि सगळे मिळून एक अख्खं शहर पाडतात. ते झाडायला नंतर कोण येतं, ते एकाही सिनेमात दाखवत नाहीत. मी त्यांना तीन-चार मार्क देते. पोरं म्हणतात नालोंगो म्हातारी झाली, आणि तरी पाटी बघितल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत.

माझं खरं नाव कोणी घेत नाही. जुळ्यांच्या आईला आमच्यात नालोंगो म्हणतात, आणि एकदा म्हणायला लागले की जन्मभर तेच. थोरला वास्वा, धाकटा कातो. जुळ्यांची नावं आधीपासून ठरलेलीच असतात. त्यांचा बाप ट्रकवर सीमेपलीकडे जुबाला गेला तो तिकडचाच झाला. वास्वा आता पुरता बाप्या झाला आहे, स्टँडवर बोडा चालवतो, मोटारसायकलवर माणसं पोचवतो. कातो उडून गेला. जुळ्यातलं एक मेलं असं आम्ही म्हणत नाही, तोंडातून तो शब्द काढायचाच नाही. उडून गेलं म्हणायचं.

दोघांना नुकतं शाळेत घातलं होतं. वास्वाला गोवर निघाला. मी कातोला दुसऱ्या कोपऱ्यात झोपवलं आणि मधे बाकडं आडवं टाकलं. सकाळी उठून बघते तर दोघं एकाच चटईवर, पायात पाय अडकवून. वास्वा बरा झाला. कातोला गोवराने धरलं ते सोडलंच नाही. तापात तो मला म्हणाला, ‘आई, वास्वाने हाक मारली म्हणून गेलो गं. त्याला थंडी वाजत होती. पाय दे म्हणाला. तू त्याला ओरडू नकोस हं. आणि त्याला विचार, पाय गरम झाले का.’ त्यानंतर तो फारसं बोलला नाही.

हे मी वास्वाला सांगितलं नाही. कसं सांगणार? तुझ्या हाकेपायी तुझा भाऊ गेला, असं कोणती आई सांगेल? नाल्याकडच्या वस्तीत साथ होती, ती घरात शिरली, असं सांगितलं. त्याने कधी काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, पोर विसरलं.

सांगितलं ते एकट्या मुगेर्वाला. त्याची आई गेली तेव्हा तो गावाहून परत आला आणि हॉल न उघडता माझ्या चुलीशी येऊन बसला. आईने शेवटी काहीतरी म्हटलं होतं, बहिणीला नीट ऐकू आलं नाही, आणि हा तर इथे माईक धरून बसला होता. “काय म्हणाली असेल, नालोंगो?” असं तो मला परत परत विचारत होता. एवढा थोराड माणूस, पण पोरासारखा मुसमुसत होता. माझ्याच्याने बघवेना. त्याच्या दुःखावर फुंकर घालायला मी माझं उघडं केलं. म्हटलं, अरे, शेवटचं ऐकायला मिळालं म्हणजे सुटका होते असं नाही. आणि कातोचं सगळं सांगितलं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. तेव्हा मला तो सख्ख्या भावासारखा वाटला.

मग एका शुक्रवारी तो सिनेमा आला. राखाडी पंखांचा एक जण, लोखंडी मुखवटा, बाकी सगळं नेहमीचंच. खेळ सुरू व्हायच्या आधीच सेम्पिज्जा फोन नाचवत आला. “जगाने याला शंभरात एकतीस दिलेत! एकतीस! माझ्या शाळेतल्या गणितापेक्षा कमी.”

“त्या जगाने मुगेर्वाशिवाय पाहिला असेल,” कोणीतरी म्हणालं.

“मग तो आकडा कोणाचा रे? ज्यांनी दिला त्यांना कोणी ओळखतं का इथे?”

“नालोंगोला तरी ओळखतो आपण. खोटा आकडा दिला तर कसावा परत करता येतो.”

सगळे हसले, मीही हसले.

मुगेर्वा आमच्या ओळखीचीच नावं सगळ्या हिरोंना देतो. याचं नाव त्याने कातो ठेवलं. उडून जातात ती जुळ्यांतली पोरं, म्हणून उडणारा म्हणजे कातोच, आमच्याकडे हे कोणालाही चटकन पटेल. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ऊर भरून आला. मग अर्ध्याच्या पुढे कधीतरी तो पंखवाला एका उंच इमारतीवर एकटाच बसतो आणि त्याला लहानपण आठवतं. बर्फातलं घर, अंथरुणात एक मुलगा, दाराशी दुसरा. दोघांचे फक्त ओठ हलतात. मूळ सिनेमात ते काय बोलतात, देव जाणे. सेम्पिज्जा नंतर म्हणाला की ती पोरं भाऊ नव्हतीच, शेजारी होती.

मुगेर्वाने आवाज बारीक केला. “कातो, ए कातो. थंडी वाजतेय रे. आईने बाकडं टाकलंय ना, त्याच्या खालून ये. पाय दे ना तुझे.”

 आधी वाटलं, आपल्यालाच भास होतोय. पण तो पुढे बोलतच गेला. ताप, मग कातोचं आईला सांगणं, त्याला ओरडू नकोस, पाय गरम झाले का विचार. शब्दन् शब्द माझा.  पुढच्या बाकावरचा जाडजूड खाटीक डोळे पुसत होता. आणि मीही रडत होते. मुगेर्वा माझंच पोर मला पडद्यावर दाखवत होता आणि मी दारात उभी राहून रडत होते, याचा मला आजही संताप येतो. कसावा करपला. वास सगळ्यांना आला, मला नाही.

खेळ सुटल्यावर तो घाम पुसत बाहेर आला. “नालोंगो! बघितलंस? असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. खाटीक रडला गं, खाटीक!”

“ते कोणाचं होतं?”

“काय कोणाचं?”

“नाटक करू नकोस. आता माईक नाही तुझ्या हातात.”

त्याचं हसू मावळलं. “तुझं नाव घेतलं का मी? न्येंडोत नालोंगो काय कमी आहेत? कोणाला कळलं सांग.”

“मला कळलं.”

“अगं, त्या तिथे पोरांचे ओठ हलत होते आणि माझ्याकडे शब्द नव्हते. कुठून आले तोंडात, मला कळलंच नाही.”

“वास्वाच्या कानावर गेलं तर?”

“तो येतो कुठे असल्या सिनेमांना? उडणारे दिसले की तो तोंड फिरवतो, तूच सांगितलंस.”

“मुगेर्वा, तुझ्या आईच्या मातीला मी आले होते.”

त्यावर मात्र त्याने मान खाली घातली. चपलेने माती उकरली. मग म्हणाला, “काढतो. पुढच्या, रविवारच्या खेळात ते बोलणार नाही. आईची शपथ. पण तूही माझं बघ. फोनवर एकतीस, आणि तू चार लिहिलेस तर माझ्या हॉलात कुत्रंसुद्धा येणार नाही. दहा लिही.”

“दहा?”

“कढई करपली ना तुझी? मग? अख्ख्या हॉलने वास घेतला. आज तू कमी लिहिलेस तर लोक विचारतील, नालोंगो एवढी रडली आणि चारच का? तेव्हा काय सांगशील?”

हे त्याने बरोबर ओळखलं होतं. मी खडू घेतला. तोवर त्या पाटीवर कोणाच्या सांगण्यावरून मी आकडा लिहिला नव्हता. भूकंप, पूर, मुखवटे, सगळं बाजूला केलं तर तो सिनेमा तीनचाच होता, आणि जे दहाचं होतं ते सिनेमाचं नव्हतंच, ते माझ्या घरातून चोरलेलं होतं. तरी मी दहा लिहिले, मोठे आणि ठळक. गप्प राहायचं त्याने, म्हणून मी लिहायचं, असा सौदा. मला वाटलं, स्वस्तात सुटले.

रविवारी दुपारी टॅक्सी स्टँड ओस पडला. “नालोंगोने दहा दिलेत!” ही बातमी पार मसाकापर्यंत गेली होती. बाकांवर माणसं, बाकांच्या मधे माणसं, भिंतीला टेकून माणसं. सेम्पिज्जा ओरडत होता, “अमेरिकेला कळवा रे कोणीतरी, आकडा बदला म्हणावं!” माझे वडे खेळाआधीच संपले. मी दारातून हलले नाही. मला त्या एका जागी मुगेर्वाचं तोंड बघायचं होतं.

ती जागा आली. बर्फ, घर, अंथरूण. मुगेर्वा घाईघाईने म्हणाला, “कातो लहान असताना घरात फार थंडी होती. तेव्हाच त्याने ठरवलं, आपण बलवान व्हायचं!”

 मग खाटकाने आवाज टाकला, “भाऊ कुठाय?”

“हो ना! पायांचं सांग!”

“शुक्रवारी होतं ते! आम्हाला का नाही?”

“पाटीवर दहा लिहायचे आणि आत चारचं वाढायचं? हा काय न्याय झाला?”

लोक बाकं आपटायला लागले. कोणीतरी फळीवर लाथ मारली. मुगेर्वाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान हलवली, नाही. हात जोडले मी त्याला, सगळ्यांदेखत. बाटलीतलं पाणी पिऊन त्याने सिनेमा थोडा मागे नेला आणि बारीक आवाजात सुरू केलं, “कातो, ए कातो. थंडी वाजतेय रे.”

आणि या खेपेला त्याने काहीच हातचं राखलं नाही. शुक्रवारी जे गाळलं होतं तेही घातलं. गोवर घातला. मी कातोच्या कपाळावर ओला फडका ठेवायचे, तो घातला. कातोचा आवाज काढताना तो माईकला ओठ लावून बोलत होता, म्हणजे बाहेर रस्त्यावरच्या कर्ण्यातूनही ते ऐकू जात होतं. आईची शपथ घेतली होती त्याने, आणि ती आई मातीत जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मला वाटलं, आत जाऊन जनरेटरची वायर उपटावी. मी वळले, आणि पलीकडच्या भिंतीशी वास्वा दिसला.

हेल्मेट हातात, अंगात बोडावाल्यांचं लाल जाकीट. तो पडद्याकडे बघतच नव्हता, मुगेर्वाकडे बघत होता. ‘त्याला विचार, पाय गरम झाले का,’ असं कर्ण्यातून आलं आणि माझ्या मुलाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो माणसं ढकलत बाहेर आला आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता, गाडीकडे गेला.

मी कढई तशीच सोडून त्याच्यामागे धावले. गाडीला टेकून तो उभा होता. आत टाळ्या पडत होत्या.

“वास्वा, तू कसा आलास इथे?”

“कसा म्हणजे?” तो म्हणाला. “स्टँडवर प्रत्येक जण सांगतोय, तुझ्या आईने दहा दिले, तुझ्या आईने दहा दिले. मला वाटलं, आईने दहा दिलेत म्हणजे उडणाऱ्यांचा असला तरी बघावाच. तुझा आकडा होता म्हणून आलो.”

 मीच बोलावलं होतं त्याला, माझ्या हाताने, खडूने.

“बाळा, तुला दुखू नये म्हणून मी कधी सांगितलं नाही. तू केवढासा होतास. तुला आठवत नव्हतं...”

“मला आठवत नव्हतं?” त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “आई, हाक मीच मारली होती. मला रोज आठवतं. बाकड्याचा कुठला पाय मोडका होता तेही आठवतं. मला वाटायचं, तुला माहीत नाही. कळलं तर तुला काय वाटेल, म्हणून मी गप्प होतो. एवढी वर्षं तुझ्यापासून लपवत होतो मी.”

मी हात पुढे केला, त्याने तो धरला नाही.

“मला वाटायचं, कातो माझ्यावर चिडून गेला,” तो म्हणाला. “मी बोलावलं आणि आजाराने त्यालाच धरलं. त्याने मला काहीतरी विचारलं होतं, आई. जाताना. माझ्यासाठी निरोप ठेवला होता त्याने, आणि तू तो मला दिला नाहीस. मुगेर्वाला दिलास. मला तो कर्ण्यावर ऐकायला लागला, खाटकाच्या शेजारी उभं राहून.”

“चुकलं रे माझं. त्याची आई गेली होती, तो रडत होता, मला वाटलं...”

“त्याला सांगताना तू रडलीस?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवसासाठी तेवढं पुरे झालं होतं.

“हो,” मी म्हटलं.

“माझ्यासमोर कधी रडली नाहीस,” वास्वा म्हणाला. “एकदासुद्धा नाही. मी वाट बघायचो. वाटायचं, तू रडलीस की मलाही रडता येईल.”

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, आणि मी काही बोलायच्या आत गाडीला किक मारली.